लेकरू मोटोक्रॉसमध्ये उतरतंय? पाकिटाआधी नियमपुस्तक उघडा

आमची लेक पाच वर्षांची असताना तिनं शेजारच्या पोराची यामाहा पीडब्ल्यू ५० ही लहान मुलांची मोटरसायकल अंगणात फिरताना पाहिली, आणि तेव्हापासून आमचे रविवार आमचे राहिले नाहीत. आम्ही ओहायोत, कोलंबसच्या थोडं बाहेर राहतो. मोटरसायकल आमच्या घराला नवी नाही. बाबांची अख्खी नोकरी आकुर्डीला बजाजमध्ये गेली. पण बाबांच्या लेखी दुचाकी म्हणजे कामावर नेणारी आणि वेळप्रसंगी मागे गॅसचा सिलिंडर बांधून आणणारी. सात-आठ वर्षांचं पोर मातीच्या ढिगाऱ्यावरून उडतंय आणि आईबाप कुंपणाला टेकून बघतायत, हे त्यांना अजूनही पटलेलं नाही.

आता सहा वर्षं झाली. इथल्या ओळखीतल्या दोन-तीन मराठी घरांनी अलीकडे मोटोक्रॉसबद्दल, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या या मोटरसायकल शर्यतींबद्दल विचारलं, "किती खर्च येतो रे?" त्याला एक आकडा नाही, कारण खर्च गाडीवर ठरत नाही, वर्गावर, म्हणजे पोर शर्यतीच्या कुठल्या गटात धावतं त्यावर ठरतो. वर्ग ठरतो पोराच्या वयावर आणि त्या वर्षीच्या नियमांवर. मी नेमकं उलट केलं, आधी गाडी घेतली. तुम्ही तसं करू नये म्हणून हे लिहितोय.

१. आधी वर्ग ठरवा

इथल्या बहुतेक स्पर्धा अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या, म्हणजे एएमएच्या नियमांखाली होतात. ही संस्था १९२४ सालची, कचेरी आमच्याजवळच पिकरिंग्टनला. नियमपुस्तक दरवर्षी नवं निघतं आणि फुकट मिळतं. शिवाय प्रत्येक क्लबाचे आणि मालिकेचे स्वतःचे पुरवणी नियम असतात. वाद झाला की अधिकारी याच पुरवणीवर बोट ठेवतात, म्हणून तीही वाचा.

मुलांच्या वर्गांची शिडी ढोबळमानाने अशी: ४ ते ६ आणि ७ ते ८ वर्षांसाठी ५० सीसी. ७ ते ९ आणि १० ते ११ साठी ६५ सीसी. मग ८५ सीसी, त्यात आधी छोटी चाकं (पुढे १७ इंच, मागे १४), नंतर मोठी (१९ आणि १६). त्यावर सुपरमिनी, जिथे टू-स्ट्रोकची मर्यादा ११२ सीसीपर्यंत जाते. कावासाकीच्या केएक्स ११२ चा आकडा कुठून आला ते यावरून कळेल. त्यानंतर १२५ वगैरे, म्हणजे पोर तुमच्या खांद्याला लागलेलं असतं. मुलींसाठी वेगळा वर्गही आहे, पण लहानपणी मुली मुलांबरोबरच धावतात. आमची तर मुद्दाम धावते.

सर्वांत छोट्यांत एक 'शाफ्ट ड्राइव्ह' वर्ग असतो. साखळीऐवजी शाफ्टवर चालणारी गाडी म्हणजे व्यवहारात पीडब्ल्यू ५०. ही गाडी १९८१ पासून जवळपास तशीच विकली जाते. माझ्या मते नवख्या घराने इथूनच सुरुवात करावी, कारण इथे पैशांनी वेग विकत घेता येत नाही.

वय कसं मोजतात ते नीट समजून घ्या. १ जानेवारीला पोराचं जे वय असेल, तेच वर्षभर धरतात. म्हणजे २ जानेवारीला जन्मलेलं पोर १ तारखेला ९ वर्षांचं असलं, तर ऑगस्टमध्ये साडेदहाचं होऊनही ७ ते ९ मध्ये उभं राहू शकतं. त्याच्या शेजारी सात वर्षांचं, वीतभर बुटकं पोर असतं. सगळं कायदेशीर. पहिल्या वर्षी आमची शेवटून दुसरी यायची तेव्हा मला तिचाच काहीतरी दोष वाटायचा. अर्धा दोष पंचांगाचा होता.

नियम बदलतात ते प्रामुख्याने याच कडांवर. ८५ आणि सुपरमिनीच्या वयाच्या सीमा गेल्या काही वर्षांत इकडच्या तिकडे झाल्यात. इलेक्ट्रिक गाड्यांचे छोटे वर्ग आलेत. 'लिमिटेड' वर्गांचा पसारा वाढलाय. लिमिटेड म्हणजे इंजिन कंपनीतून आलं तसंच ठेवायचं. हेतू खर्च आटोक्यात ठेवण्याचा आहे आणि तो चांगला आहे, पण जुनी गाडी घेणाऱ्यासाठी त्यातच सापळा आहे. त्याबद्दल तिसऱ्या पायरीत.

२. कागद जमवा

हे काम हिवाळ्यातच उरका. लागतं ते असं:

- एएमएचं सभासदत्व, पोराच्या नावावर. कार्ड नाही तर निदान फोनवर क्रमांक.
- वयाचा पुरावा: जन्मदाखला किंवा पासपोर्ट.
- अल्पवयीन स्पर्धकाचं संमतिपत्र, पालकांच्या सहीचं. पालक स्वतः हजर राहणार नसतील तर नोटरी केलेलं. काका किंवा शेजाऱ्याबरोबर पोर पाठवणार असाल तर हे शनिवारी रात्री सुचून उपयोग नाही, तेव्हा नोटरी मिळत नाही.
- आरोग्य विम्याचं कार्ड, आणि मोटर स्पर्धेतली दुखापत तुमच्या योजनेत धरली जाते की नाही याचं लेखी उत्तर. फोनवरचं "हो, हो" धरू नका. ट्रॅकचा विमा असलाच तर तो दुय्यम असतो आणि त्याची मर्यादा लहान असते.
- गाडीचं टायटल (मालकीचा कागद). ओहायोत रस्त्यावर न चालणाऱ्या मोटरसायकललाही टायटल लागतं. जुनी गाडी विकणारा "टायटल घरी कुठेतरी आहे" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आपल्याकडे जन्मलेल्या पोरांसाठी एक खास घोळ. लेकीचा जन्म पुण्याचा, पासपोर्टवर तारीख ०३/११/२०१४, म्हणजे ३ नोव्हेंबर. सभासदत्वाचा अर्ज भरताना मी पासपोर्ट समोर ठेवून जसंच्या तसं टाकलं, आणि इथल्या पद्धतीने ती झाली ११ मार्च. पहिल्या मोठ्या स्पर्धेत नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "हिचे वाढदिवस दोन आहेत का?" वर्ष तेच असल्याने वर्ग काही बदलत नव्हता, पण दोन कागदांवर दोन तारखा म्हटल्यावर त्या शिक्का मारेनात. प्रॅक्टिसची पहिली फेरी गेली. तेव्हा अर्जात महिना आधी, आणि सगळ्या कागदांवर तारीख एकच. दाखला फक्त मराठीत असेल किंवा त्यावर बाळाचं नावच नसेल, तर पुढच्या भारतवारीत नवा काढून आणा. तोवर पासपोर्टवर भागतं.

३. गाडी घेताना

नवी पीडब्ल्यू ५० दोन हजार डॉलरच्या आसपास येते. केटीएमची ५० एसएक्स त्याच्या अडीचपट, ६५ सहा हजारांच्या आगेमागे, ८५ सात हजारांच्या घरात. त्यावर डीलरचे वरचे खर्च. चालू वर्षाचा नेमका आकडा डीलरकडूनच घ्या, तोही "दारातून बाहेर पडताना एकूण किती" असं विचारून.

एक गोष्ट डीलर आपणहून सांगत नाही. केटीएम, हुस्कवर्ना आणि गॅसगॅस ही एकाच घरातली भावंडं आहेत. मुलांच्या गाड्यांत इंजिन आणि चेसी जवळपास एकच असते. रंग वेगळा, सस्पेन्शन आणि काही भाग कमीअधिक, आणि गॅसगॅस बहुधा स्वस्त. पोराला केटीएमची केशरीच हवी असेल तर त्या केशरीची किंमत काढा आणि त्याला सांगा.

केटीएमचा विषय निघालाच आहे तर: २०२४ च्या नोव्हेंबरात ही ऑस्ट्रियन कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तिच्या मॅटिगहोफेनच्या कारखान्यातलं उत्पादन डिसेंबरात थांबलं आणि पुढच्या मार्चपर्यंत बंद राहिलं. आमच्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या लावतात तिथे, लोक ६५ चे पिस्टन आणि क्लचचे सुटे भाग साठवायला लागले, दुष्काळात ज्वारी साठवतात तसे. शेवटी ८० कोटी युरो घालून कंपनीचा ताबा घेतला तो बजाजने. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या गाडीचे पैसे फिरून आकुर्डीलाच येणार की!" भाव मात्र कुणाच्याही ताब्याने खाली आले नाहीत. २०२५ मध्ये अमेरिकेने आयातीवर जादा शुल्क लावलं, आणि पोरांच्या स्पर्धेच्या गाड्या बहुतांश जपान नाहीतर ऑस्ट्रियाच्या. अपवाद कोब्राचा, ती मिशिगनमधल्या हिल्सडेलला बनते, पण स्वस्त तीही नाही.

जुनी गाडी घेणं शहाणपणाचं आहे, पण हे बघा:

- अवर मीटर, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं यंत्र. ते नसेल तर विक्रेत्याचे "फक्त दहा तास चाललीय" हे शब्द सोडून द्या. हे मीटर वीस-तीस डॉलरला मिळतं. ज्यानं तेवढंही लावलं नाही, त्यानं पिस्टनही वेळेवर बदलला नसणार.
- इंजिनात काय काय बदललंय ते लेखी घ्या. मी घेतलेली पहिली ५० 'फुल्ली लोडेड' होती. सिलिंडर पोर्ट केलेला (जास्त वेगासाठी आतून कोरलेला), हेड वेगळं. मला वाटलं, एवढं सगळं फुकटात मिळालं. पुढच्या वर्षी लिमिटेडमध्ये उतरायचं ठरवलं तेव्हा कळलं की या गाडीला तिथे दारही उघडत नाही. मूळ भाग शोधून परत बसवायला चारशे डॉलर गेले.
- व्हीआयएन, म्हणजे गाडीवर कोरलेला ओळख क्रमांक टायटलशी ताडून पाहा. खोडलेला दिसला तर विषय संपला.
- पोराला गाडीवर बसवा. दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. "दोन वर्षं वापरेल" म्हणून दिवाळीचे कपडे वाढत्या मापाचे घेतो तशी गाडी घेऊ नका.

आता माझी सर्वांत महागडी चूक. पीडब्ल्यू ५० मध्ये टू-स्ट्रोक तेलाची वेगळी टाकी असते. पेट्रोल नुसतं ओतायचं, तेल गाडी आपोआप घेते. केटीएम ५० मध्ये तशी टाकी नाही, तेल पेट्रोलातच मिसळून द्यावं लागतं. दोन वर्षांच्या सवयीने मी नव्या गाडीत नुसतं पेट्रोल ओतलं. लेक तीन फेऱ्या मारून आली, चौथीत टेबलटॉपच्या (वरून सपाट असलेल्या उडीच्या ढिगाऱ्याच्या) चढावर इंजिन किरकिरलं आणि मागचं चाक जाम. ती पडली नाही हे नशीब. पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. मेकॅनिकने सिलिंडर काढून माझ्या हातात दिला, आतल्या भिंतीवर नखांनी ओरबाडल्यासारखे उभे चरे होते. तो काही बोलला नाही, बिल बोललं.

प्रमाण गाडीच्या पुस्तिकेत असतं. केटीएम ५० ला ६० ला १. पुस्तिकेत हिशोब लिटरचा आणि इथला डबा गॅलनचा, तिथे पुन्हा घोळ होतो. एक गॅलन म्हणजे ३.७८ लिटर, त्याला ६३ मिलिलिटर तेल. मोजायला खुणांचा कप आणा, औषधाच्या झाकणाने मोजू नका. आणि डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा: तेल घातलंय.

४. अंगावरचं सामान

इथे पैसे वाचवू नका, एवढंच म्हणेन. हेल्मेटवर डीओटी, ईसीई किंवा स्नेल या सुरक्षा-मानकांपैकी तुमच्या स्पर्धेला चालणारी खूण हवी, आणि ते कधीच कुणाचं वापरलेलं घेऊ नका. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून शहाणं दिसतं, आत फोम चेपलेला असतो. गॉगल, लांब बाह्यांची जर्सी, पँट, हातमोजे, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड, छातीचं कवच, मोटोक्रॉसचे उंच बूट. बूट आणि पँट मात्र जुने खुशाल घ्या, पोरांचे पाय ते झिजायच्या आत वाढतात. नेक ब्रेस (मानेचा आधार) घ्यायचा असेल तर हेल्मेट आणि कवच घालूनच माप बघा.

डोकं आपटलं तर त्या दिवशीची स्पर्धा संपली. पोर "मी बरा आहे" म्हणेल. डॉक्टर म्हणेपर्यंत थांबा.

५. पहिला रविवार

स्पर्धेआधी निदान तीन-चार वेळा त्याच ट्रॅकवर प्रॅक्टिसच्या दिवशी जा. सोसायटीच्या रस्त्यावर किंवा मागच्या मैदानात फिरवू नका. या गाड्या रस्त्यासाठी नाहीतच, आणि शेजारी आवाजावरून पोलिसांना फोन करतात. कॅलिफोर्नियात तर २०२२ च्या मॉडेलपासून स्पर्धेच्या गाड्यांना सार्वजनिक जमिनीवर चालवायच्या परवानगीचं लाल स्टिकर बंद झालंय, त्यामुळे त्या सार्वजनिक जमिनीवर चालवता येत नाहीत, बंदिस्त ट्रॅकवरच. तिकडच्या मित्रांनी गाडीआधी ट्रॅक शोधावा.

सकाळी साडेसहाला पोहोचा. साइन-अप, मग गाडीची तपासणी, मग रायडर्स मीटिंग. मीटिंगला पोराला घेऊन उभे राहा, झेंडे तिथेच समजावतात. पिवळा म्हणजे पुढे कुणी पडलंय, उडी नाही, ओव्हरटेक नाही. पांढऱ्यावर लाल क्रॉस म्हणजे ट्रॅकवर वैद्यकीय पथक, दोन्ही चाकं जमिनीवर. पांढरा म्हणजे शेवटची फेरी. नवी पोरं पांढऱ्याला शर्यत संपली समजून बाहेर येतात. आमची आली होती, तिसऱ्या क्रमांकावरून.

लॅप मोजायला कुठे भाड्याचा ट्रान्सपाँडर लागतो, कुठे हेल्मेटवर चिकटवायचा स्टिकर. आधी विचारा, दोन्ही विकत घेऊन बसू नका.

शर्यत सुटते त्या गेटवर ३० सेकंदांची पाटी दिसते, मग ती आडवी फिरते, आणि त्यानंतर कुठल्याही क्षणी गेट पडतं. पोराला गर्दीकडे नाही, गेटच्या दांडीकडे बघायला शिकवा. दिवसाला दोन मोटो, म्हणजे शर्यती असतात, दोन्हींचे मिळून निकाल. बरोबरी झाली तर दुसऱ्या मोटोतला क्रमांक वरचढ. तेव्हा पहिली बिघडली म्हणून सामान आवरू नका.

६. खर्चाची वही

आमच्या वहीतला एक साधा रविवार, गेल्या मोसमातला: दोन वर्गांची प्रवेश फी ८५ डॉलर, तिघांचं आत जायचं तिकीट ४५, पिकअपचं पेट्रोल ७०. झाले दोनशे. यात टायर नाही, पिस्टन नाही, तुटलेला लिव्हर नाही आणि दुपारचं जेवण घरचं. असे पंधरा रविवार म्हणजे तीन हजार, आणि गाडी अजून जागची हललेली नाही.

पैसा गळतो तो दुसऱ्या वर्गापायी. प्रत्येक जण म्हणतो, "आलाच आहात तर दोन वर्गांत घाला, जास्त चालवायला मिळेल." त्यात इंजिनाचे तास दुप्पट होतात. स्पर्धेच्या ६५ ला पिस्टन पुस्तिकेतल्या तासांनी बदलावाच लागतो, मग दुसरा वर्ग ४० डॉलरचा राहत नाही. पहिल्या वर्षी एकच वर्ग घ्या. दुसऱ्या वर्षी पोरानं स्वतः मागितलं तर बघा.

फॅक्टरीसारखी सस्पेन्शन, रेस फ्युएल, जॉर्जिया-फ्लोरिडाच्या ट्रेनिंगच्या जागा, त्यासाठी शाळा सोडून घरी अभ्यास, हे सगळं तुमच्या शेजारच्या पिटमध्ये दिसेल. आम्ही त्यातलं काहीच केलं नाही. एकदा सस्पेन्शन तेवढी तिच्या वजनाला लावून घेतली, आणि ते पैसे वसूल झाले. मूळ स्प्रिंग तिला जड होती.

७. लॉरेटाचं वेड

पहिल्याच मोसमात कुणीतरी "लॉरेटाज" म्हणेल. टेनेसीत हरिकेन मिल्सला, गायिका लॉरेटा लिन यांच्या रँचवर, १९८२ पासून ही हौशी स्पर्धकांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. रिकी कार्माइकल, जेम्स स्ट्युअर्ट ही मोटोक्रॉसची नामांकित मंडळी तिथूनच पुढे आली. एका वर्गात गेटवर ४२ जण. तिथे पोहोचायला आधी एरिया क्वालिफायर (जवळच्या भागातली पात्रता फेरी), मग रीजनल (मोठ्या विभागाची फेरी), मग तीन मोटोंचा आठवडा.

पैशांच्या बाजूने पाहिलं तर ही तीन वेगळी बिलं आहेत. प्रत्येक टप्प्याची फी वेगळी, आणि रीजनलला बहुधा दुसऱ्या राज्यात जावं लागतं. फी परत मिळण्याच्या अटी आधी वाचा. आम्ही एकदा एरियातून निघालो आणि रीजनलमध्ये १९ वे आलो. तीन दिवस, साडेअकराशे डॉलर, एक मोडलेलं नख. लेक म्हणते पुन्हा जायचं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. पहिली दोन वर्षं मात्र या वाटेला जाऊच नका.

८. विकायची वेळ आधीच ठरवा

हा भाग कुणी सांगत नाही, आणि खरा हिशोब याच पायरीवर जुळतो. पोर दोन-तीन वर्षांत वर्गातून बाहेर पडणार, ही तारीख पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मग गाडी शेवटच्या मोसमाच्या शेवटच्या स्पर्धेनंतर लगेच काढा. नोव्हेंबरनंतर इथे बर्फ, गिऱ्हाईक नाही. थांबायचं झालं तर थेट फेब्रुवारीत, टॅक्सचा परतावा लोकांच्या हातात यायला लागतो तेव्हा. २०२०-२१ च्या करोनाकाळात जुन्या गाडीला नव्याचा भाव मिळत होता, त्या आठवणीवर आजची किंमत लावू नका.

नियमाने बाजार एका रात्रीत बसतो, हेही ध्यानात ठेवा. २००८ मध्ये लहान मुलांच्या वस्तूंतल्या शिशावर कायदा आला, आणि २००९ पासून २०११ ला सूट मिळेपर्यंत मुलांच्या मोटरसायकली विकायचीच पंचाईत झाली, कारण बॅटरीत आणि काही धातूच्या भागांत शिसं होतं. खेळणं तोंडात घालणाऱ्या बाळांसाठीचा कायदा मोटोक्रॉसला येऊन धडकला. म्हणून पुढच्या वर्गाची गाडी दोन वर्षं आधी "स्वस्त मिळाली" म्हणून गॅरेजात आणून ठेवू नका.

विकताना मूळ भाग, टायटल आणि तासांची वही एकत्र द्या. आमची ५० घ्यायला डेटनहून एक जोडपं आलं होतं, बरोबर सहा वर्षांचा मुलगा. मी वही पुढे केली. प्रत्येक पिस्टन, प्रत्येक क्लच, तारखेसह. बाप ती उभ्याउभ्या वाचत होता आणि पोरगा तोवर गाडीवर चढून बसला होता. त्याचे पाय टेकत नव्हते. मी त्यांना पुढच्या वर्षी या म्हणालो.